अकरा फूट दोन इंच

इंग्रजांनी कालवा काढला तेव्हा जादा पाणी साठवायला इंदापूरच्या माळावर हा तलाव बांधला. त्याच्या चौकीत म्हस्कू पाटकऱ्याने तीस वर्षं काढली. आकडे त्याला वाचता येत, लिहिता येत नसत. सकाळी पायऱ्या उतरून तो पाण्यातली मोजपट्टी बघायचा आणि वर तोंड करून ओरडायचा, "चौदा फूट सहा इंच!" चौकीच्या खिडकीतून बायको सारजा वहीत आकडा मांडून सांगायची, "लिवलं." साहेबांनाही हे ठाऊक होतं.

म्हस्कू निवृत्त झाला अन् त्याच पावसाळ्यात सारजा गेली. पुढं त्र्याण्णव साली तलावावर बाग झाली. बारामतीची माणसं रविवारी भेळ खायला आणि पायडलच्या होडीत बसून अंगावर पाणी उडवून घ्यायला येऊ लागली. चौकीला निळा रंग फासला गेला, त्याच खिडकीत तिकिटं मिळू लागली.

म्हस्कू मात्र रोज सकाळी यायचा, आकडा ओरडायचा आणि लिहायला लागेल तेवढा वेळ थांबायचा. होडीतली माणसं हसायची. हसेनात का! त्याला फक्त वरून एकदा उत्तर हवं होतं.

एका रविवारी बागेच्या ठेकेदाराने सांगितलं, उद्या पायऱ्या फोडून होड्यांचा धक्का करायचाय, पट्टी निघणार. म्हस्कूला रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी तो पायऱ्या उतरला आणि ओरडला, "अकरा फूट दोन इंच!"

लिहायला लागेल तेवढा वेळ तो थांबला. मग गुडघे धरत पायऱ्या चढून तो खिडकीशी आला. तिकिटं फाडणाऱ्या निमगाव केतकी गावच्या रोहिणीने त्याच्यापुढं एक वही सरकवली. ती कामाला लागल्यापासूनचे सगळे आकडे तारखेसकट तिथं होते.

"तुमी एवढं ओरडून सांगता. म्हटलं, कुणीतरी लिवावं."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलायचं असतं व्हय?"

"लिवलं म्हणायचं."

तो पुन्हा खाली गेला, पुन्हा ओरडला. वरून खणखणीत उत्तर आलं, "लिवलं, आबा!"

सारजाने त्याला उभ्या जन्मात कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती. नुसतं 'लिवलं'. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते उत्तर आलं, आणि ते सारजाचं नव्हतं. ती गेल्याचं म्हस्कूला त्या पायरीवर कळलं. तिच्या दहाव्यालाही आलं नव्हतं इतकं रडू त्याला आलं.

बरोबर लिवलं का, म्हणून रोहिणी वरून विचारत होती.

"बरोबर हाय, पोरी," तो पाण्याकडंच तोंड करून म्हणाला, आणि कुदळी घेऊन माणसं येईपर्यंत तिथंच बसून राहिला.