बारा बॅटऱ्यांचा ताप

मेलेआनेच्या बोटांतली जाण साखरेच्या आजाराने नेली, त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. किटली गरम आहे की गार, हे तिला वाफ बघूनच कळे. बेटावर ही गोष्ट फक्त तिच्या नवऱ्याला, सेमिसीला, ठाऊक होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून दोघं गप्प होते, आणि त्याला कारण सोलरघराची किल्ली.

ती किल्ली एकोणीस वर्षं मेलेआनेच्या गळ्यात होती. सोलरघरात बारा बॅटऱ्या, त्यांच्यावर दवाखान्याचा फ्रिज आणि गावाचे दिवे. चार्जिंग जोरात असताना ती रोज एकेकीच्या अंगावर हात ठेवी, पोराला ताप आहे का बघावं तसा. बॅटरी म्हातारी झाली की तेवढ्याच चार्जिंगला शेजारणींपेक्षा जास्त तापते आणि निवायलाही वेळ लावते. हे तिला राजधानीहून येऊन कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तिनेच हेरलं होतं. गावात म्हणत, मेलेआनेचा हात खोटं बोलत नाही. हात मेलाय हे कळलं तर किल्ली जाणार. मग आपण रविवारी चर्चला जाण्यापुरती उरलेली म्हातारी, या विचाराने तिला खरोखर रडू येई.

म्हणून दोघांनी शक्कल काढली होती. बॅटऱ्यांत घालायच्या पाण्याचा कॅन घेऊन सेमिसी तिच्यामागून यायचा, गुपचूप हात लावायचा आणि तापलेल्या बॅटरीपाशी खोकायचा. तो खोकला की मेलेआने मान हलवून वहीत खूण करी.

जुलैत, म्हणजे त्या दक्षिणेकडच्या बेटावरच्या ऐन थंडीत, लेसिएली बोटीने आली. ही मेलेआनेच्या चुलतबहिणीची मुलगी, सोलरच्या कामावरची इंजिनियर. सोबत एकच नवी बॅटरी होती. बाकीच्या यायला वर्ष लागणार होतं. आणि उतरताना पोरीच्या हातून ताप मोजायचं यंत्र समुद्रात पडलं.

"तळाशी गेलं गं मावशी," ती म्हणाली. "पण तुझा हात आहे ना! सांग, सगळ्यात म्हातारी कुठली? तीच काढू. मीटरने एकेक सोडवून तपासायला दिवस जाईल, आणि बोट तीनला परत जातेय."

मेलेआनेने सेमिसीच्या हातात कॅन दिला. ती पहिल्या बॅटरीपाशी गेली. सेमिसी खोकला. दुसरीपाशी खोकला, तिसरीपाशीही खोकला. नेमकी त्याच दिवशी त्याला सर्दी झाली होती, आणि आवरता आवरेना.

"काका, काहीतरी औषध घ्या की," लेसिएली म्हणाली.

मेलेआने चौथीपाशी उभी राहिली. अंदाजाने एखादीवर बोट ठेवलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण चुकीची काढली तर आजारी आतच राहणार, शेजारणींनाही खाणार, आणि एक दिवस फ्रिज बंद पडणार. फ्रिजमध्ये गावातल्या बाळांच्या लसी होत्या. तिने हात मागे घेतला.

"लेसिएली, मला काही कळत नाहीये. बोटं मेलीत माझी. दोन वर्षं झाली."

"दमलीय ती," सेमिसी घाईघाईने म्हणाला. "झोप नाही झाली तिची..."

"तू गप रे! आता काय झाकतोस?"

लेसिएली कॅनवरच बसली. "मग आता करायचं काय? किती वाजले बघ, नऊ."

नऊ म्हणजे हवा अजून गार, हे ध्यानात येऊन मेलेआनेला काहीतरी सुचलं. सकाळी केसांना लावायला घेतलेलं खोबरेल बाटलीत थिजून बसलं होतं. तिने सेमिसीला पळवत घरी पाठवलं. बाटली आल्यावर प्रत्येक बॅटरीच्या अंगावर, एकाच उंचीवर, नखाएवढं थिजलेलं तेल थापलं. बारावीवर दारातून ऊन पडत होतं, तिथे चटई टांगली.

"हवा तापली की सगळीकडचं वितळणारच," ती म्हणाली. "आधी कुठलं वितळतं ते बघायचं."

तिघं जमिनीवर बसून उकडलेला तारोचा कंद खात बघत राहिली. साडेदहाला सातवीवरचं तेल चकाकलं. थोड्या वेळाने ओघळून खाली आलं. बाकी अकरा जणींचं अजून पांढरंच होतं. लेसिएलीने ती एकटी सोडवून मीटर लावून पाहिला आणि म्हणाली, "मावशी, सातवी पार थकलीय गं!"

सातवी निघाली, नवी बसली. मग मेलेआनेने कुणी न सांगता गळ्यातली किल्ली काढून पुढे केली.

लेसिएलीला ती घेववेना. "काकांच्या नावावर करते. त्यांचे हात चालतात. किल्ली घरातच राहील."

मेलेआनेने मान डोलावली. सेमिसीने मात्र दोन्ही हात पाठीमागे नेले.

"माझेही नाही चालत," तो म्हणाला.

चाळीस वर्षं मासेमारीचे दोर ओढून त्याच्या तळव्यांचं कातडं झालं होतं. चुलीतला निखारा तो हाताने सरकवायचा. मेलेआनेने ते हजारदा पाहिलं होतं, पण दोन गोष्टी कधी जोडल्या नव्हत्या.

"मेल्या! मग दोन वर्षं कशावर खोकत होतास?"

"तू जिथे जरा जास्त थांबायचीस, तिथे."

तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "फ्रिज बुडाला असता ना रे!" रागावून म्हणाली खरी, पण हात तिथेच पाठीवर राहिला. या माणसाला आपण किती कमी ओळखतो आणि तो आपल्याला किती जीव लावतो, असं वाटून तिचे डोळे भरले.

लेसिएली मात्र पोट धरून हसत होती. "चार हात, आणि एकही कामाचा नाही! बारा थर्मामीटर पाठवते पुढच्या बोटीने. आकडे वाचायला डोळे तरी आहेत ना?"

"आहेत," मेलेआने म्हणाली.

"मग वाक जरा."

तिने किल्ली पुन्हा मावशीच्या गळ्यात घातली आणि झग्याच्या आत सोडली. छातीला किल्ली गार लागली. तेवढं मेलेआनेला कळलं.