दुसऱ्यांदा ठोकलेली पाचर

मी एक पाचर बोलतेय. कुणाच्या चालू कामात खोडा घातला की माणसं म्हणतात, 'पाचर मारली.' म्हणजे काम बिघडवणारी ती मी! माझं नाव असं फुकट बदनाम आहे. खरं तर खोड कापताना करवत लाकडात चिमटून बसू नये म्हणून तिच्या मागच्या फटीत मला ठोकतात. मी वीतभर लांब आहे. एका टोकाला तीन बोटं जाड, दुसऱ्या टोकाला नखासारखी पातळ. आणि आधीच सांगून टाकते, मी घाबरट आहे. जन्मापासूनची.

माझा जन्मच भीतीतून झाला. कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावर ज्या टेकडीवर हे घर आहे तिथे लॉक्लन राहायचा. त्याचा धाकटा भाऊ नील वादळात पडलेलं एक झाड कापताना गेला. तेव्हा फटीत माझ्याआधीची पाचर होती. ती आपोआप सैल होऊन खाली पडली. नीलने ती उचलली, हसत हसत परत ठोकली आणि करवत पुढे चालवली. त्यानंतर काय झालं ते लॉक्लनने कधी कुणाला सांगितलं नाही. घरी येऊन त्याने ती पाचर चुलीत घातली आणि दुसऱ्या दिवशी मेपलच्या वाळलेल्या फांदीतून मला तासायला बसला.

एक अख्खा हिवाळा मी चुलीवरच्या फळीवर त्याच्या ओल्या मोज्यांशेजारी सुकत पडले होते. तो रोज मला उचलून बघायचा आणि बोलायचा. मोज्यांशी नाही, माझ्याशी.

"तू पडलीस की झाड बोललं असं मी समजणार. करवत बंद. आधी माणसं मोजणार, मग झाडाकडे बघणार. तू फक्त वेळेवर पड."

केवढी जबाबदारी! मी आपली लाकडाची ढलपी. पण एवढ्या विश्वासाने सांगितलेलं टाळता येतं का?

या गावात चार लॉक्लन होते. एक तांबड्या केसांचा, एक लंगडा, एक फिडल वाजवणारा, आणि आमचा झाला 'पाचरवाला लॉक्लन'. त्याचा मुलगा हेक्टर आज पंचावन्नचा आहे, तरी दुकानात त्याला 'पाचरवाल्याचा हेक्टर' म्हटल्याशिवाय कुणी ओळखत नाही.

लॉक्लनने घराला आणखी एक नियम लावला होता. अंगणात करवत चालायच्या आधी घरातल्या बाईने सगळी माणसं आत घ्यायची, मोजायची, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत लाल चौकड्यांचं फडकं टांगायचं. फडकं दिसलं की कापा. नाही दिसलं तर हात खिशात घालून उभे राहा. आजूबाजूचे हसायचे, पण लॉक्लन वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी आपल्या अंथरुणात, चहाचा कप हातात घेऊन गेला. जंगलात काम करणाऱ्या माणसाला असं मरण क्वचितच येतं.

त्याच्यामागे मी हेक्टरकडे आले. हेक्टरने यंत्राची करवत घेतली, कानांवर आवाज अडवणाऱ्या जाड टोप्या घालायला लागला, पण मला टाकलं नाही. त्याची बायको एफी या घरात येऊन सव्वीस वर्षं झाली. फडकं टांगायचं काम तिचं. तिने ते एकदाही चुकवलं नाही, आणि हे मी तिची बाजू घेऊन सांगते. कारण आता तिची चूक सांगायची आहे.

सप्टेंबरात मोठं वादळ आलं. समुद्रावरून निघालेला वारा रात्रभर घराला धडका देत होता. सकाळी उठून बघतात तर घरामागचा स्प्रूस आडवा. लॉक्लनच्या बापाने वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेलं झाड, दोघांच्या कवेत न मावणारं. घरावर पडला नाही, वाटेवर पडला. इथली जमीन म्हणजे खडकावर पसरलेली हातभर माती. मुळं खोल जातच नाहीत. त्यामुळे झाड पडताना मुळांसकट सगळी माती उचकटून आली आणि दोन पुरुष उंचीची भिंत उभी राहिली. भिंतीच्या मागे तेवढाच मोठा खड्डा.

त्या खड्ड्याची मला पहिल्यापासून भीती वाटली. उचकटलेली मुळं आपली जागा विसरत नाहीत. शेंड्याचं ओझं खोडाला खाली दाबून धरतं म्हणून ती भिंत उभी असते. बुंध्याजवळ खोड कापून ते ओझं काढलं की मुळं परत आपल्या खड्ड्यात बसायला धावतात. एवढं मोठं झाड कापल्या कापल्या उठून उभं राहतं, आणि ते उठताना कुणाचं ऐकत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा आर्ची आला. आर्ची झिंगे पकडतो, अंगाने दारात मावत नाही आणि तोंड कधी बंद नसतं. त्याने आणि हेक्टरने सकाळभर शेंड्याकडच्या फांद्या छाटल्या. बुंधा जेवणानंतर कापायचा असं एफीसमोर ठरलं होतं.

"मी सांगेपर्यंत बुंध्याला हात लावू नका," ती म्हणाली होती. "मी फडकं लावीन."

"लाव गं बाई, हवं तर बँड पण लाव," आर्ची म्हणाला.

पण अकराच्या सुमाराला एफीच्या लक्षात आलं की तळघरात पाणी शिरतंय. टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी घरात आणणारा नळ त्याच झाडाखालून येत होता. मुळांनी तो उचकटून तोडला होता आणि पाणी खड्ड्यातून झिरपत तळघरातल्या बटाट्यांपर्यंत पोचलं होतं. हिवाळाभराचे बटाटे! एफीने नळाचं तोंड बुजवायला लाकडाची एक गुडदी, चिंध्या आणि बादली घेतली, नवे गमबूट घातले आणि मागच्या बाजूने त्या खड्ड्यात उतरली. करवतीचा आवाज सकाळपासून चालूच होता. आहेत ते शेंड्याकडे, असं ती धरून चालली.

आणि निघताना ओले हात पुसून तिने ते फडकं खिडकीत वाळत टाकलं.

बाहेरची दोरी वादळाने तोडली होती, तीन दिवस वीज नव्हती म्हणून कपडे वाळवायचं यंत्र बंद होतं, मग ओलं फडकं टाकणार कुठे? तिने विचारसुद्धा केला नाही. सव्वीस वर्षांत जे फडकं फक्त एका कामासाठी त्या खिडकीत टांगलं गेलं, ते त्या दिवशी नुसतं वाळायला गेलं.

"ते बघ, फडकं," आर्ची म्हणाला. "बायकोने परवानगी दिली. चल, जेवणाआधी बुंधा मोकळा करू."

"जेवणानंतर ठरलं होतं," हेक्टर म्हणाला.

"अरे, तुझा बाप असता तर आत्तापर्यंत कापून, चिरून, चहा पिऊन झोपला असता!"

हेक्टरने खिडकीकडे बघितलं. लाल चौकडे स्पष्ट दिसत होते. त्याने कानांवर टोप्या ओढल्या. मला खिशात घालून तो बुंध्याशी आला. मुळांच्या भिंतीपासून जेमतेम दोन हातांवर. भिंतीपलीकडे काय आहे ते त्याला दिसायचा प्रश्नच नव्हता. मलाही दिसत नव्हतं.

करवत वरून खोडात शिरली. पातं निम्मं आत गेल्यावर त्याने मला मागच्या फटीत बसवलं आणि हातोडीच्या एका हलक्या ठोक्याने घट्ट केलं.

"अरे पाचर ठोकतोयस की अंगठी घालतोयस?" आर्ची ओरडला. हेक्टरला ते ऐकू गेलं नाही.

मला मात्र आत गेल्या गेल्या कळलं. फट मला दाबत नव्हती. दोन्ही बाजूंचं लाकूड हळूहळू माझ्यापासून लांब जात होतं. मुळांची भिंत मागे ओढत होती. करवत जसजशी खाली उतरली तसतशी मी सैल होत गेले. एका क्षणी मला धरणारं काही उरलं नाही, आणि मी पडले. वेळेवर पडले.

हेक्टरने करवत बंद केली, कानांवरच्या टोप्या मागे सरकवल्या आणि माझ्याकडे बघत उभा राहिला.

"काय झालं?" आर्ची म्हणाला.

"पाचर पडली."

"मग? तुझ्या बापाच्या हातची आहे ती. सुकून आक्रसली असेल. ठोक परत."

 हेक्टरने पुन्हा खिडकीकडे बघितलं. फडकं होतं. म्हणजे माणसं मोजलेली होती. त्याने मला उचललं, फटीत बसवलं, आणि या वेळी पूर्ण ताकदीने ठोकलं. माझ्या डोक्यावर हातोडीचा वळ उमटला.

मी काय सांगू त्या क्षणाचं! चुलीत गेलेली ती पाचर मला आठवली. नीलनेही ती अशीच परत ठोकली होती. तोंड असतं तर मी किंचाळले असते, पण मला एकच गोष्ट करता येते, पडता येतं, आणि आता त्याने मला इतकं खोल ठोकलं होतं की पडणंही माझ्या हातात नव्हतं. करवत सुरू झाली. लाकूड आतून कण्हत होतं. फट बोटभर उघडली, दीड बोट उघडली. मी डगमगले. एका कडेवर अडकून राहिले. मग करवतीच्या थरथरीने सुटले आणि हेक्टरच्या बुटावर आपटले.

तो थिजला. करवत बंद झाली. टोप्या काढून त्याने गळ्यात टाकल्या. 

"आर्ची, गप्प बस जरा."

आर्ची गप्प बसला, हेही नवलच. आणि त्या शांततेत मुळांच्या भिंतीमागून बादलीची कडी वाजली.

"एफी?" हेक्टरने हाक मारली. "एफी!"

"काय रे?" भिंतीमागून उत्तर आलं. "जेवायला वेळ आहे अजून! ही गुडदी बसत नाहीये, एक लांबशी चिंधी दे बघू."

आर्चीचा चेहरा पांढरा पडला. खोडातून 'कट्' असा आवाज आला. कुणी हात लावला नव्हता.

"एफी, बाहेर ये. आत्ताच्या आत्ता."

"अरे, चिखलात पाय रुतलेत माझे. ओरडतोयस कशाला?"

दोघं धावत खड्ड्याच्या कडेने मागे गेले. ती गुडघ्यापर्यंत चिखलात होती आणि तिच्या पाठीशी ती भिंत उभी होती, लोंबणाऱ्या मुळांसकट. हेक्टर कडेवर पालथा पडला, त्याने तिचा एक हात धरला, दुसरा आर्चीने.  खोडातून दुसऱ्यांदा 'कट्' झालं. आर्ची रडत होता आणि ओढत होता. शेवटी ती एकदम सुटून त्यांच्या अंगावर आली. डाव्या पायात बूट नव्हता.

तिघं वीस पावलं लांब जाऊन गवतावर बसले. काहीच झालं नाही. भिंत होती तिथे होती.

"बघा!" एफी म्हणाली. "उगाच घाबरवलंत. नवा बूट गेला माझा. थांबा, काढून आणते."

ती उठली. हेक्टरने तिचा दंड इतका जोरात पकडला की ती कळवळली. तेवढ्यात खोड तुटलं. भिंत क्षणभर मागे कलली आणि खाली गेली. जमीन हादरली, स्वयंपाकघरातल्या कपबश्या वाजल्या. खड्डा नव्हता. बुंधा सरळ उभा होता, जणू तो कधी पडलाच नव्हता, आणि त्याच्या कडेने चिखलाचं पाणी बुडबुडत वर येत होतं.

एफी त्याकडे बघत राहिली. मग तिने खिडकीकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

"फडकं मी टाकलं," ती म्हणाली. "मीच टाकलं रे." आणि ती खाली बसली.

गावभर माझं कौतुक झालं. लोक येऊन मला हातात घेऊन बघायचे. जीव वाचवणारी म्हणून आर्ची तर मला 'सिस्टर' म्हणायला लागला. हेक्टरने स्वयंपाकघरात खिळा ठोकून मला तिथे टांगलं. पण एक गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही, आर्चीनेही नाही. मी एकदा पडले एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. हेक्टर माझ्याकडे बघायचं टाळायचा. जेवायलासुद्धा माझ्याकडे पाठ करून बसायचा.

जानेवारीत एफीने फळ्या पुसता पुसता मला खाली काढलं. तिचं बोट माझ्या डोक्यावरच्या वळावर थांबलं. जुनं लाकूड काळं पडलेलं, वळ मात्र पांढरा. तिने मला टेबलावर, चहाच्या दोन कपांच्या मधोमध ठेवलं.

"हेक्टर, मी खड्ड्यात होते तेव्हा ही पडली. मग तू काय केलंस?"

 हेक्टर म्हणाला, "परत ठोकली."

तिने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"चहा घे," ती म्हणाली. "गार होतोय."

एवढंच. पण त्या दिवसापासून खिडकीत फडकं लागत नाही. करवत सुरू करायच्या आधी हेक्टर मोठ्याने तिचं नाव घेतो आणि तिचा आवाज आपल्या कानांनी ऐकतो.

मी आता म्हातारी झाले आहे. माझ्यात एक बारीक चीर गेली आहे. माझ्यावर भरवसा ठेवू नका, हेच माझं सगळ्यांना हात जोडून सांगणं आहे. फडक्यावर ठेवू नका, माझ्यावर ठेवू नका. मी लाकूड आहे. एखाद्या दिवशी अडकून बसेन आणि पडणार नाही. माणसाला हाक मारा, आणि माणसाने ओ दिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आज गोठ्याजवळचं कललेलं झाड काढायचं आहे. हेक्टर करवत एका हातात धरून उभा आहे, मी त्याच्या खिशात आहे.

"एफी!" त्याने हाक मारली.

ती घरातच आहे, खिडकीशीच. आम्हाला बघते आहे. पण ती लगेच ओ देत नाही. त्या जानेवारीपासून कधीच देत नाही. थोडा वेळ जाऊ देते. हेक्टर हलत नाही, तक्रार करत नाही, फक्त खिशात हात घालून मला घट्ट धरतो. 

मग ती म्हणते, "आहे रे."

तेवढा वेळ आम्ही दोघं परत त्या भिंतीसमोर उभे असतो.