नागिणीचं तोंड आणि शेपूट

दामाजी तांडेलाच्या कमरेला नागीण उठली आणि चेंदणी कोळीवाड्यात त्याच्या मरणाची चर्चा सुरू झाली. नागिणीचं तोंड आणि शेपूट कमरेभोवती मिळालं की माणूस खलास, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बायको जनाबाईने फोडांच्या पुढे गेरूची जाड रेघ ओढली, कुंपण घालावं तशी, आणि रोज उठून त्याची पाठ तपासू लागली.

मुलगी शीला ठाण्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती. डॉक्टरांच्या गोळ्या बापाच्या हातावर ठेवत ती म्हणाली, "आबा, ही लहानपणच्या कांजिण्यांची करणी. तो विषाणू गेलाच नव्हता, कण्याजवळ नसेच्या गाठीत झोपलेला. त्याची जनुकं जवळजवळ गप्प. अंगातला पहारा ढिला पडला की आधी हुकूम सोडणारी दोन-चार जनुकं जागी होतात. त्यांच्या हुकमावर दुसरी फळी उठते, ती विषाणूच्या नकला काढते. शेवटची फळी त्या नकलांसाठी कवचं तयार करते. मग स्वारी बाहेर."

"म्हंजे आधी तांडेल वरडतो, मग खलाशी उठतात, मग होडी बाहेर," दामाजी म्हणाला. हे त्याला झटकन पटलं. "आन् तोंडं मिळतात का?"

"नाही हो. नस एकाच बाजूची. पाठीच्या मध्याशी थांबणार."

दुसरा कोणी असता तर देवापुढे नारळ फोडला असता. दामाजीच्या डोक्यात मात्र भलतंच शिरलं.

"कांजिण्या मना नामाने दिल्या! एका गोधडीत झोपायचो आम्ही."

धाकटा भाऊ नामा ऐन नारळी पौर्णिमेला होडी सोडून डोंबिवलीच्या फॅक्टरीत लागला होता. तेव्हापासून दोघांत अबोला. दामाजीला त्याची आठवण फार यायची, पण तांडेलाने असलं काही बोलून दाखवायचं म्हणजे काय!

"त्याला फोन लाव. सांग, तोंडं मिळायला चार बोटं राहिलीत. मरायच्या आधी जाब विचारायचा हाय."

"पण आबा, ती मिळत नाहीत."

"ते त्याला कशाला सांगतेस?"

शीलाने नाक्यावरच्या पीसीओवरून फोन लावला. संध्याकाळी नामा दारात हजर. "दादूस!" म्हणून त्याने असा हंबरडा फोडला की शेजारणी पदर खोचून धावल्या.

"होडी सोडून गेलास, आन् ही नागीण बी तुझीच," दामाजीने सुरुवात केली.

"माझीच, दादूस. सगला माझाच गुन्हा. किती बोटं राहिली?"

"तीन."

"मग मी हितनं हलत नाय."

जनाबाईने पुढे केलेली गेरूची वाटी उचलायला नामा वाकला. शर्ट वर सरकला आणि दामाजीला त्याची कंबर दिसली. जुन्या फोडांचे पांढुरके वण पोटाकडून निघून पाठीच्या मध्याशी थांबले होते.

म्हणजे या लबाडालाही नागीण होऊन गेली होती. त्यालाही सगळं ठाऊक होतं, तरी तो आला होता. शीलाने बापाकडे पाहिलं आणि हसू आवरत ती चहा टाकायला पळाली.

नामाने रेघ पुन्हा गडद केली, अगदी गंभीर चेहऱ्याने.

"आता कशी हाय, दादूस?"

"दोन बोटं," दामाजी म्हणाला. "पन लई हळू सरकते. नारली पुनव तरी उजाडंल."

"उजाडू दे," नामा म्हणाला, आणि भावाच्या गोधडीची एक बाजू ओढून शेजारी आडवा झाला.