गाडीची झोपमोड

सासऱ्यांना दर रविवारी पहाटे एकच स्वप्न पडायचं. मागच्या शेडमधली त्यांची जुनी गाडी चालू होते, घटकाभर गुरगुरते आणि पुन्हा झोपी जाते. एवढंच. पण चहाचा पेला हातात धरून ते हे स्वप्न इतकं रंगवून सांगायचे, की ऐकता ऐकता सूनबाईचा चहा निवायचा. तिची खोली रस्त्याच्या बाजूला, त्यांची शेडच्या बाजूला. स्वप्नंही तशीच वाटून आली असावीत, असं तिला वाटे.

गेले तीन रविवार मात्र स्वप्न पडलं नव्हतं. "वय झालं," ते म्हणाले होते, "आता स्वप्नंसुद्धा रजेवर जायला लागली."

दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली आणि गाडी शेडमध्ये जाऊन बसली ती बसलीच. आता शेड पाडायची होती. दुपारी चारला भंगारवाला ट्रक घेऊन येणार होता. गाडी वाचायची एकच वाट होती, ती म्हणजे आत्याबाईंच्या आवारातली मोकळी जागा. पण सासऱ्यांच्या या धाकट्या बहिणीने फोनवर बजावलं होतं, "दादा, आपल्या पायांनी आली तर लेक म्हणून घरात घेईन. दोरीने ओढत आणलीस तर फाटकातूनच परत पाठवीन. माझ्या दारात मढं नको."

म्हणून सकाळीच तिघं शेडमध्ये आली होती. शेजाऱ्यांनी बॅटरी रात्रभर चार्ज करून दिली होती, चाकांत हवा भरली होती. सूनबाईच्या नवऱ्याने किल्ली फिरवली. घर्र, घर्र, घर्र. इंजिन फिरत होतं, पण पेट घेत नव्हतं.

"बाबा, सोडा आता नाद," तो म्हणाला. "झोपू द्या तिला."

"तू जरा गप्प बैस. सूनबाई, तू पुढे ये. तुझ्या बालवाडीत एखादं पोर रडायला लागलं आणि काय होतंय ते सांगेचना, तर तू काय करतेस?"

"एकेक विचारते. भूक लागली का, शू आली का, कोणी मारलं का."

"मग इथेही तेच करायचं. गाडीला चालू व्हायला हवा लागते, पेट्रोल लागतं आणि ठिणगी लागते. एका वेळी एकच प्रश्न. दोन विचारलेस की उत्तर कुठल्याचं आलं ते कळत नाही."

शेडच्या छपरात एक हिरवट पारदर्शक पत्रा होता. त्यातून उतरणाऱ्या उजेडात धूळ अशी सावकाश तरंगत होती, की आपण तळ्याच्या तळाशी उभे आहोत असं सूनबाईला वाटलं. बॉनेट उघडल्यावर तर गाडी खरोखरच झोपेत आ वासून पडल्यासारखी दिसू लागली.

तिने हवेच्या जाळीचं झाकण काढलं. आत ना उंदराचं घरटं, ना कचरा. "हवा आहे," ती म्हणाली, आणि नकळत आवाज खाली आणला.

"आता मागे जाऊन धुराच्या नळीपाशी वास घे."

ती वाकली. "पेट्रोलचा वास येतोय बाबा. चांगलाच."

सासऱ्यांच्या कपाळाला आठी पडली. "जुनाट, वार्निशसारखा?"

"नाही. पंपावर येतो तसा."

"म्हणजे पोचतंय. हवं त्याहून जास्तच पोचतंय. आता ठिणगी. तो लांब पाना घे."

त्यांनी आपला हात तिच्या हातावर ठेवला आणि बरणीचं घट्ट झाकण फिरवावं तसा ठिणगी पाडणारा प्लग हळूच सैल केला. प्लग बाहेर आला. त्यांनी तो बोटांनी चाचपला, नाकाशी नेला. "काळा आहे?"

"काजळासारखा. आणि ओला."

त्यांनी बोटावरची काजळी अंगठ्याने चोळली. मग म्हणाले, "दोन वर्षं झोपलेल्या गाडीच्या प्लगवर अशी ताजी काजळी नसते. चोक ओढून, म्हणजे पेट्रोल जास्त सोडून, गाडी चालू करायची आणि तापायच्या आत बंद करायची, असं पुन्हा पुन्हा केलं की ही काजळी धरते. कोणीतरी हिची झोपमोड करत होतं."

सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो छपराचा पत्रा निरखत होता.

"अहो! रविवारी पहाटे कुंड्यांना पाणी घालायला उठत होतात ना?"

"घालत होतो की."

"तरीच सगळ्या वाळल्या!"

त्याने हात टेकले. "बसून बसून खराब होईल म्हणून एका रविवारी ताजं पेट्रोल घालून चालू केली, दोनच मिनिटं. आणि त्याच दिवशी चहा पिताना बाबांनी ते स्वप्न सांगितलं. किती खुशीत होते, आठवतं? मग पुढच्या रविवारी पुन्हा केली. मग मला थांबवेना. तीन आठवड्यांपूर्वी गाडीनेच ऐकायचं बंद केलं."

"म्हणजे मी जागा होतो," सासरे पुटपुटले.

"अर्धे जागे, बाबा."

"गाढवा," ते म्हणाले, पण शिवी इतकी मऊ होती की कोणाला लागलीच नाही. "झोपलेल्या पोराला उठवायचं, दुधाची बाटली तोंडाला लावायची आणि दोन घोटांत काढून घ्यायची? विचारायचंस तरी मला."

"विचारलं असतं तर स्वप्न उरलं असतं का?"

 सासऱ्यांनी तारेचा ब्रश मागितला.

चारही प्लग तिने घासून, पुसून, उन्हात कोरडे करून परत बसवले. "चोक आत. ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाब आणि आता फिरव," सासरे मुलाला म्हणाले. घर्र, घर्र. गाडी एकदा खोकली, मागून काळा धूर आला, आणि मग तो आवाज आला, खोल, गुरगुरता, अंगावर पांघरूण ओढल्यासारखा. सासऱ्यांनी तळहात पत्र्यावर टेकवला. त्यांचा चेहरा पाहून सूनबाईला कळलं, की आजवर चहा निवेपर्यंत ऐकलं ते हेच होतं.

दोन मिनिटं झाली आणि नवऱ्याचा हात सवयीने किल्लीकडे गेला.

"खबरदार!" सासरे कडाडले. "आता तासभर पळाली पाहिजे. आतली काजळी जळू दे."

ब्रेक दोनदा दाबून पाहिले आणि तिघं निघाली. नवरा चालवत होता, शेजारी सासरे मान तिरकी करून इंजिन ऐकत होते, मागे सूनबाई. खिडकीतून झाडं, दारं, वाळत घातलेली चादर, सगळं ओल्या चित्रासारखं वाहत मागे जात होतं. पाव तासात आत्याबाईंचं घर आलं. फाटक सताड उघडं होतं आणि त्या स्वतः वाटेत उभ्या होत्या.

"वळवू?" नवऱ्याने विचारलं.

सासऱ्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अजून पुरती तापली नाही. पुढे घे."

"अरे दादा! अरे, घर इकडे आहे!" आत्याबाईंचा आवाज मागे पडत गेला.

"रागावली का ग ती?"

सूनबाईने मागच्या काचेतून पाहिलं. "दोन्ही हात कमरेवर आहेत बाबा. पण फाटक उघडंच ठेवलंय."

"मग लांबच्या रस्त्याने घे," ते मुलाला म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.