ताईच्या मरणाला वन्स मोअर

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये. पटकन पटेल अशी गोष्ट सांगण्यात काय मजा? पण आमच्या ताईइतकं झकास मरणारं माणूस या जगात दुसरं झालं नाही.

ऐकायला समोर वर्तमानपत्रातला एक तरुण बसला होता. आल्या आल्या त्यानं विचारलं होतं, "ताई आहेत की गेल्या? संपादक म्हणालेत, असल्या तर कोपऱ्यात चार ओळी. गेल्या असतील तर फोटोसकट अर्धं पान." मी नुसता उसासा टाकला. उसासा म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. आत भांडी वाजली तेव्हा मात्र म्हणालो, "तिकडे लक्ष देऊ नका. आमच्या लांबच्या मावशी आहेत, ठार बहिऱ्या."

तर ताई. नाटक कंपनीत शिरली ती राणीची दासी म्हणून. पहिल्याच प्रयोगात विष चाखून मरायचं होतं. आता दासीनं मरावं कसं? कोपऱ्यात, कुणाच्या पायात न येता. ताई रंगमंचाच्या या टोकाला कोसळली, सरपटत त्या टोकाला गेली, सिंहासनाला धरून उठली, राणीच्या मांडीवर डोकं टेकलं आणि मग कुठे गेली. बाल्कनीतून आरोळी उठली, "वन्स मोअर!" गाण्याला वन्स मोअर तुम्ही ऐकला असेल, हा मरणाला होता. ताई उठली, कपडे झटकले आणि पुन्हा मेली, आधीपेक्षा सावकाश. राणी तेवढ्यात रंग पुसून घरी निघून गेली. कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मालकाला घबाडच सापडलं. मग ताई कड्यावरून मेली, पाण्यात मेली, क्षयानं मेली, विरहानं मेली. एका विनोदी नाटकात तर हसता हसता ठसका लागून मेली.

"मालक, एकदा तरी मला शेवटापर्यंत उभी ठेवा हो," ताई गयावया करायची. "पडदा पडताना कसा दिसतो, मला ठाऊकच नाही. मी आपली नेहमी डोळे मिटून आडवी."

"बाई, तुला जगताना बघायला तिकीट कोण काढेल? जगतात काय, सगळेच. तेही फुकटात."

मूकपट निघाले तशी ताई तिकडे गेली. तिला वाटलं, इथे मालक वेगळा. मालक वेगळा होता, अक्कल तीच. दिग्दर्शक म्हणाला, "बाई, संवाद नाहीत तेच बरं. तुमचं मरण कुठल्याही मुलखात चालेल." कॅमेऱ्याचं हँडल फिरवणारा घामाघूम होऊन ओरडायचा, "आवरा हो बाई, फिल्म संपली!" ताई ओठ न हलवता म्हणायची, "तुमची संपली असेल. माझा जीव अजून आहे."

शेवटी उपाय तिनंच काढला. थिएटरात मशीन चालवणारा ऑपरेटर तिच्यावर लट्टू होता. पुढे तोच माझा मेहुणा झाला. ताई त्याला म्हणाली, "माझ्यावर जीव आहे ना? मग शेवटचं रीळ उलटं फिरव." प्रेमात पडलेल्याला कसला विचार! फिरवलं.

काय सांगू! 'समाप्त'ची पाटी आधीच येऊन गेली, पण तिच्याकडे बघतो कोण? मेलेली ताई ताडकन उठली. छातीतला खंजीर आपणहून निघाला आणि खलनायकाच्या म्यानात जाऊन बसला. खलनायक मागल्या पावली जिना उतरून पसार. ताईच्या गालांवरची आसवं वर चढून डोळ्यांत शिरली, ती खिडकीशी उभी राहिली, हसली, आणि दिवे लागले.

मागच्या रांगेत ताई हमसून हमसून रडत होती. जन्मात पहिल्यांदा ती शेवटापर्यंत टिकली होती.

आणि लोक? लोकांनी खुर्च्या मोडल्या! "फसवणूक! बाई मेलीच नाही!" एक सभ्य गृहस्थ बायकोला म्हणाला, "जगायला लाज कशी वाटत नाही या बाईला?" मालकानं ऑपरेटरला हाकललं, ताईला हाकललं, आणि पुढच्या खेळाला रीळ सुलटं लावलं. लोक पोटभर रडून समाधानानं घरी गेले.

तरुणाची पेन्सिल भराभर पळत होती. "मग? गेल्या कशा?" त्याच्या डोळ्यांत अर्धं पान चमकत होतं. माझ्याही चमकत असेल. मी काढून ठेवलेल्या फोटोत ताईच्या शेजारी मीच होतो.

"रंगमंचावरच," मी आवाज खाली आणला. "म्हातारपणी एका नाटकाला बोलावलं होतं, या खेपेला मारणार नाही असा शब्द देऊन. शेवटचा प्रवेश. पडदा पडायला आलेला, ताई उभी. आणि काळजात कळ आली! सरपटणं नाही, काही नाही, जागच्या जागी कोसळली. अख्खं थिएटर उभं राहून ओरडलं, 'वन्स मोअर! वन्स मोअर!' पण या वेळी..." मी डोळे टिपले. "या वेळी ताई उठली नाही."

तरुणानं नाक ओढलं.

"खोटारड्या!"

स्वयंपाकघराच्या दारात ताई उभी होती, हातात चहाचा ट्रे.

"ठार बहिरी काय मी? आणि लांबची मावशी?" ती तरुणाकडे वळली. "तुम्ही चार ओळीच लिहा हो. कोपऱ्यातच लिहा. पण उभी आहे म्हणून लिहा." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तू रे? पाठचा भाऊ ना माझा? मला मारल्याशिवाय तुझ्याही गोष्टीचा पडदा पडत नाही?"