गारठ्याचं पान

मी एक जुना ग्रंथ आहे, मित्रांनो. ग्रंथ म्हटल्यावर तुम्ही हात जोडाल, पण तशी काही गरज नाही. माझ्यात देव नाहीत आणि राजेही नाहीत, नुसते आजार आहेत. माणसाला होणारा प्रत्येक आजार माझ्या पानांवर ओळीनं बसवला आहे आणि प्रत्येकाला एक अक्षर आणि एक आकडा दिला आहे. त्याला कोड म्हणतात. डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तरी कोड लागतो. पुण्यात बसलेल्या साहेबांना तो बघून कळतं, की कुठल्या भागात माणसं कशानं आजारी पडतात आणि कशानं जातात. मग त्याप्रमाणे औषधं येतात, यंत्रं येतात, शिकवणारी माणसं येतात. म्हणजे यायला हवीत.

दिल्लीकडच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. पानं इंग्रजी, बांधणी पक्की, पुठ्ठा निळा. खोक्यात बसून मी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या शिवेवरच्या एका लहानशा दवाखान्यात आलो. गावाचं नाव सांगत नाही, कारण ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे ती माणसं अजून तिथंच आहेत. पोटात इंग्रजी घेऊन मी इतकी वर्षं इथली बोली ऐकली, की आता मला हीच जवळची वाटते.

माझं सोळावं प्रकरण नुकत्याच जन्मलेल्या बाळांचं आहे. ओतूरच्या अनवरी सिस्टर तेव्हा नव्यानं कामाला लागल्या होत्या. दुपारचा चहा झाला की त्या मला मांडीवर घ्यायच्या आणि तेच प्रकरण उघडायच्या. कावीळ झालेलं बाळ, अपुऱ्या दिवसांचं बाळ, जन्मल्यावर न रडलेलं बाळ, गारठलेलं बाळ. प्रत्येकाचा नंबर त्या बोटानं शोधायच्या आणि वहीत उतरवायच्या. काविळीचं पान तर त्यांच्या बोटांनी मळून गेलं. एकदा पुण्याहून तपासणीला आलेल्या बाईंनी ती वही चाळली आणि म्हणाल्या, "इतक्या नेमक्या नोंदी मी फार ठिकाणी पाहिल्या नाहीत." त्या गेल्यावर सिस्टरांनी हातरुमालानं माझा पुठ्ठा पुसला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी चांगलाच फुगलो होतो.

पुढं वही गेली आणि कॉम्प्युटर आला. त्याच्यासमोर रखमाजी नावाचे कारकून बसू लागले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. बाळंतपणाच्या बाईला स्वतःची खुर्ची देणारा माणूस होता तो. पण एकट्याच्या अंगावर चौघांचं काम, आणि ते यंत्र भलतं चौकस. न रडलेल्या बाळाचा कोड टाकला की विचारी, किती मिनिटांनी रडलं? गारठलेल्या बाळाचा टाकला की विचारी, अंगाचं तापमान किती? उत्तर नसलं की जागचं हलत नसे. रखमाजींनी हळूहळू हेरलं, की काही कोड टाकले तर यंत्र चकार शब्द काढत नाही. असे दहा कोड त्यांनी एका चिठ्ठीवर लिहिले आणि ती चिठ्ठी चिकटपट्टीनं माझ्याच पुठ्ठ्यावर डकवली.

त्यातला पहिला होता क्यू एकोणनव्वद. जन्मजात दोष, कोणता ते माहीत नाही. बाळ गेलं आणि हा कोड लागला की कुणाचं काही चुकलं नाही असं ठरायचं. चौकशी नाही, बैठक नाही, वरून फोन नाही. चिठ्ठी हाताशी आल्यावर मला उघडायची कुणाला गरज उरली नाही. पडदा डोळ्यांच्या उंचीला यावा म्हणून रखमाजींनी चिठ्ठीपुरता पुठ्ठा बाहेर ठेवून मला कॉम्प्युटरखाली सरकवलं, आणि मी तिथंच राहिलो.

आता आरतीचं सांगतो. सांगताना अजून जड जातं.

आरतीचं सासर पिंपरी पेंढारचं आणि माहेर भीमाशंकरच्या वाटेवर, डोंगरात. पहिलं बाळंतपण, म्हणून रीतीप्रमाणे ती माहेरी आली होती. पौष महिना होता आणि दिवस भरायला अजून पंधरवडा होता. एका सकाळी कळा सुरू झाल्या आणि जीप दारात यायच्या आतच ती घरी बाळंत झाली. मुलगी झाली. आरतीच्या आईनं, झुंबरबाईनं, बाळाला लगेच न्हाऊ घातलं. न्हाऊ घातल्याशिवाय बाळ कुणाच्या हातात द्यायचं नाही, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पाणी छान कढत होतं, पण बाहेर अंग कापणारं हिव होतं. ओल्या जावळाचं ते बाळ जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळलं आणि मायलेकी जीपमध्ये बसल्या. जीपचा बाजूचा पडदा फाटका होता आणि वाट दीड तासाची.

अनवरी सिस्टरांनी बाळ हातात घेतलं मात्र, त्यांचा चेहरा उतरला. "पाय बघा किती गार पडलेत," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. त्यांनी बाळाला कोरडं केलं आणि स्वतःच्या छातीशी धरून वर घोंगडी घेतली. थर्मामीटर लावला, तर तो मुळात पस्तीसच्या खाली मोजायचाच नाही. पारा हललाच नाही. दोन तास त्या तशाच बसून होत्या. मग त्यांनी बाळ हलकेच खाली ठेवलं आणि तोंड धुवायला गेल्या.

बाराव्या दिवशी बारसं होतं, त्याआधी बाळाला नाव नसतं. म्हणून कागदावर नावाच्या जागी लिहिलं, आरतीचं बाळ.

"गारठ्यानं गेलं, रखमाजीभाऊ," सिस्टर टेबलाशी येऊन म्हणाल्या. "पी ऐंशी टाका."

रखमाजींनी टाकला. यंत्रानं विचारलं, तापमान किती?

"किती लिहू?"

"मोजताच आलं नाही हो."

"मंग ह्ये घेत न्हाई, सिस्टर."

तेवढ्यात आतून दुसऱ्या बाईची हाक आली आणि सिस्टर धावल्या, आणि आरतीच्या घरच्यांशी बोलायचं राहूनच गेलं. रखमाजींची नजर चिठ्ठीवर गेली आणि त्यांनी क्यू एकोणनव्वद दाबला. यंत्रानं निमूट घेतला.

मित्रांनो, मी अगदी तिथं होतो. त्यांच्या मनगटापासून वीतभर अंतरावर. माझ्या पी ऐंशीच्या पानावर अगदी तळाला एक ओळ आहे, पी ऐंशी पॉइंट नऊ. गारठलेलं बाळ, अधिक तपशील नाही. त्याला तापमान लागत नाही. ज्याला मोजता आलं नाही त्याच्यासाठीच ती ओळ कुणीतरी शहाण्या माणसानं ठेवली आहे. मला एकदा उघडलं असतं तर ती सापडली असती. पण ग्रंथाला हात नसतात, आणि कॉम्प्युटरखालून ओरडताही येत नाही.

आरतीच्या नवऱ्यानं, आदेशनं, तो कागद घरी नेला. पिंपरी पेंढारला कुणीतरी तो मोठ्यानं वाचला. जन्मजात दोष. झालं. दोष कुठून आला? आमच्याकडं तर कुणाला नाही, म्हणजे तिच्या माहेरच्या रक्तातच असणार, असं सासरच्यांनी ठरवून टाकलं. बाळंतिणीला न्यायला कुणी आलं नाही. महिना गेला, वर्ष गेलं.

मग एक दिवस आरतीचे वडील, सावळेराम, तो कागद पिशवीत घालून आमच्या टेबलाशी आले.

"साहेब, दोष नेमका कशात व्हता? काळजात का डोस्क्यात? तेवढं सांगा. पोरगी जेवत न्हाई."

"बाबा, ते मशीनमधनं येतं," रखमाजी म्हणाले. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. मधल्या काळात कितीतरी कागद त्यांच्या हाताखालून गेले होते.

सावळेरामांचा खरबरीत हात सगळा वेळ माझ्या पुठ्ठ्यावर टेकलेला होता. त्यांना जे हवं होतं ते त्यांच्या तळव्याखाली होतं. ते मान हलवून निघून गेले. त्या दिवसाइतकी मला माझ्या जाडीची लाज कधी वाटली नाही.

रखमाजी निवृत्त झाले आणि जुन्नरची अमरीन त्यांच्या जागी आली. बारीक अंगाची, हट्टी मुलगी. आल्या महिन्यातच तिनं विचारलं, "सिस्टर, तुमच्याकडं जन्मजात दोषाची बाळं नेमकी पौषात न्‌ माघातच का जातात?"

अनवरी सिस्टर उठल्या, आणि वही गेल्यावरही त्या ज्यात स्वतःपुरत्या नोंदी ठेवत होत्या ती डायरी कपाटातून घेऊन आल्या. अमरीननं मला ओढून काढलं, चिठ्ठी फाडली आणि सोळावं प्रकरण उघडलं. तीन दिवस दोघी डायरी आणि नोंदी समोरासमोर धरून बसल्या. अकरा बाळं निघाली, गारठ्याची. त्यातली सात आरतीच्या बाळानंतरची. आरतीच्या बाळाचं तरी खरं लिहिलं असतं, तर वरून कुणीतरी विचारलं असतं. बाळं गरम ठेवायचं यंत्र आलं असतं. वाड्यावस्त्यांवर जाऊन आज्यांना कुणीतरी समजावलं असतं. ती सात बाळं आज अंगणात पळत असती.

डॉक्टरांची सही घेऊन अमरीननं नोंदी दुरुस्त केल्या आणि आरतीला निरोप धाडला.

आरती आली, सोबत झुंबरबाई. म्हातारीला पायऱ्या सोसत नव्हत्या, म्हणून ती थोडा दम खात खिडकीबाहेरच्या बाकावरच बसली. आरती आत आली. आदेशचं दुसरं लग्न ठरत आलं होतं, हे तिनं स्वतःच सांगितलं. ती बारावी शिकलेली. नवा कागद तिनं दोनदा वाचला.

"म्हंजे दोष नव्हता?"

"काही दोष नव्हता गं. तुझ्यातही नाही, बाळातही नाही," सिस्टर म्हणाल्या. "ओल्या अंगानं थंडीतून आलं. जन्मल्यावर लगेच न्हाऊ घालायचं नसतं. कोरडं पुसून आईच्या छातीशी धरायचं असतं."

"हा कागद घेऊन सासरी जा ताई," अमरीन म्हणाली. "मी डॉक्टरांचं पत्रही देते. ते दुसरं लग्न मोडेल त्यांचं."

आरती खिडकीकडे बघत राहिली. बाहेर झुंबरबाई पदरानं चष्मा पुसत होती.

"न्हाऊ आईनं घातलं व्हतं," ती हळूच म्हणाली.

"त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही सांगायला हवं होतं."

"ते तुमी म्हनता. पिंपरीला ह्यो कागद वाचला, की समदे पयलं इचारतील, न्हाऊ कुनी घातलं? आईच्या कानावर यायला एक दिस लागनार न्हाई. ती जगायची न्हाई, सिस्टर."

तिनं कागदाची घडी केली आणि मला पुढं ओढलं. पी ऐंशीचं पान उघडंच होतं. तिनं कागद तिथं ठेवला आणि मला मिटवलं.

"तुमी ह्ये समद्या आज्यांना सांगा. वस्तीवस्तीवर जाऊन सांगा. आईला बी सांगा. पन दुसऱ्या कुनाच्या बाळाचं म्हनून सांगा."

सिस्टरांनी तिला जवळ घेतलं. ती रडली नाही. तशीच बाहेर गेली.

खिडकीतून मला ऐकू आलं.

"काय म्हनले गं?"

"तेच, आई. दोषच व्हता."

झुंबरबाईनं लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. "मंग आपून तरी काय करनार, बाई? आपून तर काय बी कमी पडू दिलं न्हाई."

"न्हाई, आई. काय बी न्हाई."

दोघी एसटीच्या थांब्याकडे गेल्या. पुढच्या महिन्यात आदेशचं लग्न झालं. अनवरी सिस्टर आता थंडी पडायच्या आधीच डोंगरातल्या वस्त्यांवर जातात, आज्यांना गोळा करतात आणि कोरडं पुसायला शिकवतात. झुंबरबाई पुढं बसून ऐकते म्हणे, आणि शेजारणींना बजावते की नीट ध्यान द्या.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या अशाच एखाद्या टेबलाशी बसेल. समोर एक कागद येईल आणि नावाच्या जागी फक्त आईचं नाव असेल. घाई असेल, यंत्र अडेल, सोपा आकडा हाताशी असेल. तेव्हा एवढंच करा, आम्हाला उघडा आणि खरं काय ते शोधून त्याच दिवशी लिहा. आरतीच्या बाळाचं खरं कारण त्या दिवशी लिहिलं असतं, तर सिस्टरांनी ते झुंबरबाईला हात धरून समजावलं असतं, आणि मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या असत्या. ते उशिरा, संसार मोडल्यावर लिहिलं, म्हणून एका लेकीला ते आईपासून जन्मभर लपवावं लागलं.