फॉन्टमधला हात

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईनं तो ठेवला तर पोटापाण्याचे वांधे होतील, कारण ज्या घरात जावं तिथे "आपोआपच झालं हो" हेच ऐकायला मिळतं. आपोआप काही होत नसतं. कोणीतरी काहीतरी दाबलेलं असतं आणि मग कानावर हात ठेवलेले असतात. त्यामुळे लेबलवाल्या वहिनींचा फोन आला, "ताई, आमच्या कॉम्प्युटरवर हे लिहितायत," तेव्हा मी खेकसूनच विचारलं, "हे म्हणजे कोण?"

"हे म्हणजे... आमचे हे."

वहिनींचे हे जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. डोक्यात गाठ होती म्हणे, पण कळलं ते दुकानात कोसळल्यावर दवाखान्यात नेलं तेव्हाच. धडधाकट माणूस उभ्या उभ्या गेला, असंच सगळे म्हणायचे.

मी दुपारी गेले. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. औषधांच्या बाटल्यांना चिकटवायची लेबलं छापायची, एकच सूचना तीन भाषांत. खोलीभर गोंदाचा वास. कोपऱ्यात खुर्चीवर वहिनींच्या सासूबाई वाया गेलेल्या लेबलांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी आले तरी त्यांनी मान वर केली नाही.

पडद्यावर पाहिलं आणि मी वाकून पुन्हा एकदा वाचलं. "प्रिंटरमधला कागद संपला आहे." निळ्या चौकटीत, चक्क हस्ताक्षरात. क ची गाठ दोऱ्याला मारावी तशी, ग चा काना किंचित कललेला. खालच्या "ठीक आहे" आणि "रद्द करा" या बटणांवरही तेच अक्षर. मेनू, फोल्डरांची नावं, तारीख, सगळं एकाच माणसानं बसून लिहिल्यासारखं.

"सकाळी चालू केला की 'स्वागत आहे' येतं," वहिनी म्हणाल्या. त्या पडद्याकडे पाठ करून उभ्या होत्या. "रोज. ह्यांच्या अक्षरात. मग मी बंदच करते. कामं तुंबलीत. औषधवाल्यानं मागची सगळी लेबलं परत पाठवली, आपल्या भाषेतल्या ओळी वेड्यावाकड्या आल्यात म्हणून. ताई, मला हे चालवायचंय. मला ह्याच्यावरच घर चालवायचंय. पण ह्या असल्या खोलीत मला बसवत नाही."

कारण सापडायला वेळ लागला नाही. कॉम्प्युटर नवऱ्याचा. ते असताना सगळे मेनू कचेरीच्या इंग्रजी भाषेत होते. वहिनींना ती जड जाते, म्हणून त्या गेल्या आठवड्यात कोणाकडून तरी आपली भाषा लावून घेऊन बसल्या. आणि आपल्या भाषेसाठी पहिला फॉन्ट म्हणून त्यांच्या ह्यांनी स्वतःच्या हातानं बनवलेला फॉन्ट नेमून ठेवला होता. कागदावर एकेक अक्षर काढायचं, स्कॅन करायचं, प्रोग्राममध्ये घालायचं. हौशी माणसं करतात असं. मी नेहमीचा फॉन्ट नव्यानं घातला, कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. पुन्हा "स्वागत आहे", पुन्हा तोच हात. हा फॉन्ट मशीनमध्ये आहे तोवर आधी त्याचाच नंबर लागणार होता. तो काढण्यावाचून इलाज नव्हता.

काढण्याआधी मी तो उघडून पाहिला. ही माझी सवय, काय फेकतोय ते बघून फेकायचं. चौकोनाचौकोनांत सगळी अक्षरं ओळीनं मांडलेली दिसतात. त्या माणसानं ती शाळेत शिकवतात त्याच क्रमानं काढली होती. स्वर सुरेख. क, ख, ग देखणे. ट, ठ, ड ठसठशीत. द ची शेपटी जराशी हलली होती. प फ ब मध्ये रेघेला कंप होता. य आणि र तर बघवत नव्हते, म्हाताऱ्या माणसानं चालत्या गाडीत लिहावं तसे. बटण दाबत मी एका माणसाला आजारी पडताना बघत होते.

"वहिनी, ह्यांचा हात थरथरायचा का हो?"

"छे. अंगठा दुखायचा. माऊसमुळे, असं म्हणायचे." त्या वळल्या आणि इतक्या वेळात पहिल्यांदा पडद्याकडे नीट पाहिलं. एकेका ओळीवरून त्यांची नजर खाली उतरली. "हे कधीचं आहे?"

स्कॅन केलेल्या पानांवर तारखा होत्या. मी दाखवल्या. हे सगळं कोसळण्याच्या कितीतरी महिने आधीपासूनचं होतं.

"म्हणजे ह्यांना माहीत होतं," वहिनी म्हणाल्या.

मला एक गोष्ट मात्र कळेना. श पासून पुढची अक्षरं पुन्हा ठाम होती. श, ष, स, ह. मोठी, गोल, पाटीवर काढावीत तशी. "इथे तर हात सुधारलेला दिसतोय," मी म्हटलं.

"सुधारला नव्हता." कोपऱ्यातून सासूबाई बोलल्या. "त्याला पेन धरवेना. मग मी धरला त्याचा हात. लहानपणी गिरवून घेतलं होतं तसाच."



"तुम्हाला माहीत होतं, आई?"

"डॉक्टरकडून परस्पर माझ्याच खोलीत आला होता. शपथ घातली मला. म्हणाला, तिला कळलं तर ती हसायची थांबेल, आणि घरात एक तरी हसणारं माणूस पाहिजे. मी गेल्यावर घरात माझं काहीतरी बोलतं राहावं, म्हणाला. म्हणून हा खटाटोप."

"मी रोज रात्री त्या अंगठ्याला बाम चोळत होते," वहिनी म्हणाल्या. "हसत हसत चोळत होते. चिडवत होते, एवढं काय ते अंगठ्याचं कौतुक म्हणून. आणि तुम्ही दोघं आत दार लावून अक्षरं काढत होतात. मला सांगितलं असतंत तर मी तो हात नीट धरला नसता का?"

सासूबाई मांडीवरची लेबलं सारखी करत राहिल्या. मला त्या मेलेल्या माणसाचा मनस्वी राग आला आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. परक्यांच्या घरात रडणं मला बिलकूल आवडत नाही, म्हणून मी उगाच वायरी नीट केल्या.

"मी ह्याची एक कॉपी करून ठेवते," मी म्हणाले.

"नको," वहिनी म्हणाल्या.

"कागद आहेत माझ्याकडे," सासूबाई म्हणाल्या. "त्यानं काढलेले. ते असू देत."

"असू देत. कागदावरची अक्षरं गप्प असतात, आई. ही बोलतात. ते कधीच बोलले नाहीत असलं काहीतरी बोलतात. कागद संपला, जागा नाही, पुन्हा प्रयत्न करा. मला ते नकोय. मला जे सांगायला हवं होतं ते ह्यांनी सांगितलं नाही, आता बाकीचं कशाला ऐकू?"

मी फॉन्ट निवडला, काढायची आज्ञा दिली. कॉम्प्युटरनं शहाण्यासारखं विचारलं, कारण तो विचारतोच. पण अजून त्याच्याकडे तेच अक्षर होतं. चौकट उघडली आणि त्या माणसाच्या हातानं लिहिलेलं आलं: "हा फॉन्ट कायमचा काढून टाकायचा आहे?" य पार थरथरलेला. खाली दोन बटणं, "हो" आणि "नाही". दोन्हींतला ह मोठा, गोल, आईनं धरून काढलेला.

माझा हात माऊसवरून आपोआप उठला. आपोआप, हो. मी खुर्चीतून बाजूला झाले आणि वहिनी बसल्या. त्यांनी माऊस धरला, बाण "हो"वर नेला आणि तिथेच थांबल्या.

सासूबाई उठून त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "मी तो हात शेवटी दवाखान्यात सोडला," त्या म्हणाल्या. "माझ्याच्यानंही सुटत नव्हता. सोड गं."

वहिनींनी दाबलं.

पडदा क्षणभर कोरा झाला आणि मग सगळीकडे सरळ, स्वच्छ, छापील अक्षरं आली. वहिनी तोंडात पदर कोंबून रडायला लागल्या. सासूबाई वाकल्या, चष्मा सारखा केला आणि पडद्याच्या मधोमध आलेली ओळ बोट फिरवत वाचली, "काम पूर्ण झाले." मग मला विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

"कोणी नाही, आजी," मी म्हटलं.